संरक्षणा‘साठी’: एका शब्दयोगी अव्ययाची झडती

काही महिन्यांपूर्वी एका तालुक्याच्या गावी भरलेल्या विज्ञान शिक्षकांच्या शिबिराला आम्ही गेलो होतो. दुपारच्या सत्रात एका शिक्षकांनी डबक्यातल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली लावला. त्यात पॅरामेशियम भरपूर होते. आच्छादक काचेच्या एका कडेला त्यांनी फाउंटन पेनच्या शाईचा बारीक थेंब सोडला आणि दुसऱ्या कडेला टीपकागद टेकवून शाई आत ओढून घेतली. पाहता पाहता त्या चपलेच्या आकाराच्या जीवांभोवती बारीक तंतूंची झालर उभी राहिली. "हे ट्रायकोसिस्ट," शिक्षक म्हणाले, "हे संरक्षणासाठी असतात." शिबिराला जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या काही विद्यार्थिनीही आल्या होत्या. त्यांतल्या एकीने विचारले, "सर, कुणापासून संरक्षण? शाईपासून?" हशा पिकला आणि सत्र पुढे सरकले.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पॅरामेशियमच्या आकृतीतल्या त्या बाणासमोर ‘ट्रायकोसिस्ट: संरक्षणासाठी’ असे आम्हीही शाळेत लिहिले, पुढे शिकवताना तेच सांगितले आणि लोकांसाठी लिहिलेल्या लेखांतही तेच छापून आणले. त्या दुपारी मात्र आमच्या ध्यानात आले की, हे विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे हे आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाने आम्हाला सांगितले नव्हते आणि आम्हीही कोणाला सांगितले नव्हते. म्हणून या लेखात या एका शब्दाचीच तपासणी करायची आहे. ही तपासणी जितकी पुस्तकांची आहे तितकीच आमचीही आहे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. पॅरामेशियमच्या पेशीपटलाला आतून लागून सुमारे हजारभर ट्रायकोसिस्ट रचून ठेवलेले असतात. प्रत्येकाची लांबी तीन-चार मायक्रॉन. योग्य चेतना मिळाली की पुटिकेचे आवरण पेशीपटलाशी एकजीव होते, तोंड उघडते, बाहेरचे कॅल्शियम आत शिरते आणि आतला प्रथिनांचा स्फटिकासारखा गाभा काही मिलिसेकंदांत कितीतरी पट लांब होऊन बाहेर पडतो. या लांबण्यासाठी पेशीला त्या क्षणी वेगळी ऊर्जा पुरवावी लागत नाही. मिटून ठेवलेली छत्री खटका दाबताच उघडावी तसे हे आहे. कष्ट असतात ते छत्री मिटून ठेवण्याचे. अशा फेकल्या जाणाऱ्या सर्व पुटिकांना मिळून एक्स्ट्रुसोम असे नाव आहे. त्यांचे प्रकार पुष्कळ. काही तंतू फेकतात, काही बुळबुळीत श्लेष्म सोडतात, काहींत विष असते, तर काही अक्षरशः टोचतात.

आता शाईचा प्रयोग. त्यातून नेमके काय सिद्ध होते? रासायनिक धक्का बसला की पुटिका सुटतात, एवढेच. त्या सुटल्याने जिवाचा बचाव झाला हे त्यात दिसत नाही. उलट शाई थोडी जास्त झाली तर झालर उभारून तो जीव बहुधा मरतो. म्हणजे संरक्षण दाखवण्यासाठी आपण जो प्रयोग करतो त्यात संरक्षण झालेले दिसतच नाही! भाजल्यावर माणूस ओरडतो म्हणून घसा भाजण्यापासून बचाव करण्यासाठी आहे असे कोणी म्हणत नाही. पॅरामेशियमच्या बाबतीत मात्र आपण जवळजवळ तसेच म्हणतो.

(जाता जाता एक सूचना. जुन्या प्रात्यक्षिक-पुस्तकांत याच प्रयोगासाठी पिक्रिक आम्ल सुचवलेले असते. हे आम्ल सुकले की स्फोटक होते. शाळेच्या कपाटात त्याची जुनी बाटली असेल तर ती उघडू नका, हलवू नका, जाणकाराला बोलवा. शाईने किंवा पातळ केलेल्या व्हिनेगरनेही तंतू दिसतात.)

हा प्रयोग फार जुना आहे. लंडनच्या जॉन एलिस यांनी १७६९ साली जिरेनियमच्या पानांचा रस पाण्यात मिसळून या जीवांभोवती उभे राहिलेले तंतू पाहिले होते. ते तंतू नेमके काय आहेत याची त्यांना कल्पना नव्हती. १८५५ साली ऑलमन यांनी या पुटिकांचे वर्णन करून त्यांची तुलना हायड्राच्या वर्गातील प्राण्यांच्या दंशपुटिकांशी केली. आमच्या मते ‘संरक्षण’ या शब्दाचे मूळ या तुलनेत आहे. हायड्राची पुटिका डंख मारते, ही तिच्यासारखी दिसते, तेव्हा हीही शस्त्रच असणार, हा तर्क. तर्क वावगा नाही. पण तो तर्क आहे याचा पुढे विसर पडला आणि आकृतीखालच्या ओळीत तो निष्कर्ष होऊन बसला.

‘संरक्षणासाठी’ असे म्हणायचे तर काय दाखवावे लागेल? एक तर भक्षकाच्या हल्ल्याच्या वेळी पुटिका सुटतात हे दिसले पाहिजे. पण तेवढ्याने भागत नाही. पुटिका असलेले आणि नसलेले, बाकी सर्व बाबतींत सारखे असलेले जीव एकाच भक्षकासमोर ठेवून कोण किती वाचतो हे मोजले पाहिजे. १९९१ साली जपानी संशोधक हारुमोतो आणि मियाके यांनी हेच केले. पॅरामेशियमच्या एका जातीत असे उत्परिवर्तित प्रकार मिळतात की त्यांना ट्रायकोसिस्ट नसतात किंवा असूनही सुटत नाहीत. नेहमीचे पॅरामेशियम आणि हे उत्परिवर्तित प्रकार डायलेप्टस नावाच्या लांब सोंडेच्या भक्षक जिवासमोर ठेवल्यावर नेहमीचे पॅरामेशियम सुटून जातात आणि पुटिका नसलेले बळी पडतात, असे त्यांना आढळले. एलिस यांच्या निरीक्षणापासून २२२ वर्षांनी आलेला हा पुरावा. मधल्या काळात निरीक्षणे आणि वादविवाद भरपूर झाले होते. पण आमच्या दृष्टीने त्या शब्दाला खरा आधार मिळाला तो इथे.

आणि तो आधारही मर्यादित आहे. डायडिनियम हा पिंपासारखा दिसणारा दुसरा भक्षक. तो ट्रायकोसिस्टनी सज्ज असलेले, स्वतःहून मोठे पॅरामेशियम खुशाल गिळतो. पाठ्यपुस्तकांतले ‘भक्षक आणि भक्ष्य’ हे प्रसिद्ध चित्र याच जोडीचे असते! एकाच पुस्तकाच्या एका पानावर ट्रायकोसिस्ट संरक्षण करतात आणि दुसऱ्या पानावर डायडिनियम पॅरामेशियमला गिळतो. ही विसंगती आम्हाला विद्यार्थी म्हणून कधी खुपली नाही, शिक्षक म्हणूनही नाही. २०१३ साली बहुपेशीय भक्षकांवर झालेल्या अभ्यासातही असेच संमिश्र उत्तर आले. एका रोटिफरपासून आणि एका शिंपाधारी चिमुकल्या कवचधारीपासून ट्रायकोसिस्ट वाचवतात. एका चपट्या कृमीपुढे मात्र त्यांचे काही चालत नाही.

शिबिराच्या संध्याकाळी चहाच्या वेळी त्या मुलीला आम्ही हे सांगितले. "म्हणजे कुणापासून ते बघून ठरतं," ती म्हणाली. मग लगेच, "आणि समुद्रात? तिथल्या जीवांनापण असतात ना?" या दुसऱ्या प्रश्नाने आम्हाला जास्त गोंधळात टाकले. पॅरामेशियम हा गोड्या पाण्यातला, प्रयोगशाळेत सहज वाढणारा, जनुकशास्त्रज्ञांचा लाडका जीव. फेकपुटिकांची खरी विविधता आहे ती समुद्रात, आणि तिथे पुरावा बराच विरळ आहे. पॅरामेशियमसमोरचा शब्द आपण तिकडे तसाच उचलून नेला आहे.

समुद्रातले एक उदाहरण मात्र अगदी नेटके आहे, आणि ते प्रत्येक शिक्षकाने सांगावे असे आहे. इटलीच्या किनाऱ्यावरील खडकांमधल्या भरतीच्या डबक्यांत युप्लोटिडियम नावाचा रोमक जीव सापडतो. त्याच्या पाठीवर दाटीवाटीने बसलेल्या बारीक कणांचा पट्टा असतो. या कणांना एपिझेनोसोम म्हणतात. धक्का लागला की प्रत्येक कणातून गुंडाळी उलगडल्यासारखी एक लांब नळी बाहेर फेकली जाते. रोझाती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली लिटोनोटस या भक्षकासमोर कण असलेले आणि नसलेले युप्लोटिडियम ठेवले. कण नसलेले खाल्ले गेले, कण असलेले वाचले. इथे ‘संरक्षण’ हा शब्द पूर्णपणे कमावलेला आहे. पण गंमत पुढेच आहे. हे कण युप्लोटिडियमचे अवयव नव्हेतच. त्याच्या पाठीवर राहणारे ते जिवाणू आहेत, आणि २००० साली त्यांच्या जनुकीय तपासणीतून ते व्हेरुकोमायक्रोबिया या गटातले ठरले. म्हणजे समुद्रातला आपल्याजवळचा एक सर्वोत्तम पुरावा ज्या शस्त्राविषयी आहे ते शस्त्र त्या पेशीचे स्वतःचे नाही. ‘पेशीचे संरक्षक अंगक’ या शीर्षकाखाली हे उदाहरण बसवायचे तरी कसे?

आता डायनोफ्लॅजेलेट हा सागरी एकपेशीयांचा मोठा गट घेऊ. समुद्र लाल करणारे, रात्री चमकणारे जीव यांतलेच. यांच्यापैकी पुष्कळांमध्ये ट्रायकोसिस्ट असतात. नाव तेच, वस्तू वेगळी. पॅरामेशियमच्या ट्रायकोसिस्टला चात्यासारखा आकार आणि टोकाशी टोपी असते. डायनोफ्लॅजेलेटचा ट्रायकोसिस्ट म्हणजे चौकोनी छेदाची प्रथिनांची कांडी. सुटल्यावर ती आडव्या पट्ट्यांच्या लांब तंतूसारखी दिसते. प्रोरोसेंट्रमसारख्या सहज वाढणाऱ्या जीवातून हे तंतू वेगळे काढून त्यांतल्या प्रथिनांचा अभ्यासही झाला आहे. पण त्यांचे कार्य? भक्षकाला रोखणे, झटका घेऊन दूर सरकणे, कशाला तरी चिकटून राहणे, असे निरनिराळे अंदाज आहेत. पॅरामेशियम-डायलेप्टससारखी निर्णायक तुलना नाही. तरीही ज्या ज्या आकृतीत ही कांडी येते तिथे ‘संरक्षणासाठी’ हे दोन-तीन इंचांचे लेबल तिच्या सोबत येते. नाव सारखे म्हणून कार्यही सारखे, असा हा हिशोब आहे.

याच गटातल्या पॉलिक्रिकॉसकडे आले की मात्र लेबल सरळ उलटे होते. हा अनेक पेशी एकामागे एक जोडल्यासारखा दिसणारा, तरंगणारा शिकारी. त्याच्याजवळ नेमॅटोसिस्ट असतात, आणि ते रचनेने इतके गुंतागुंतीचे असतात की एदुआर शातोन यांनी १९१४ साली त्यांच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. वीसेक मायक्रॉन लांबीची बंद कुपी, तिच्यात गुंडाळलेली पोकळ नळी आणि टोकाला तीक्ष्ण सुई. शेजारी टेनिओसिस्ट नावाची दुसरी पुटिका. भक्ष्याला स्पर्श होताच आधी ती चिकटते, मग कुपी सुटते, नळी भक्ष्याचे आवरण भेदते आणि मागे राहिलेल्या दोरीसारख्या तंतूने भक्ष्य ओढून आणले जाते. मासेमारीच्या भाल्याला दोर बांधलेला असतो तसे. शिंपल्यांतून माणसाला विषबाधा करणाऱ्या काही डायनोफ्लॅजेलेटना पॉलिक्रिकॉस असेच पकडून गिळतो. याला संरक्षण कोण म्हणेल? ही शिकार आहे.

२०१७ साली गाव्हेलिस आणि सहकाऱ्यांनी या पुटिकांवर एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी आयनांच्या झोताने पेशीचे पातळ थर खरवडत जाऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्रिमितीय रचना उभी केली, पुटिका सुटतानाची चांगली चलचित्रे प्रथमच मिळवली आणि जनुकांचीही तुलना केली. निष्कर्ष असा की, डायनोफ्लॅजेलेटच्या नेमॅटोसिस्टचे आणि हायड्रा, जेलीफिश यांच्या नेमॅटोसिस्टचे मूळ एक नाही. दोन्हीकडे ते स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या एका चर्चेचा हा निकाल होता. याखेरीज नेमॅटोडिनियम या त्यांच्या नातलगामध्ये एका कुपीऐवजी ११ ते १५ प्रक्षेपके गोलाकार मांडलेली असतात हे दिसून आले, आणि लेखकांनी या मांडणीची तुलना गॅटलिंग तोफेशी केली.

बातम्यांमध्ये, व्याख्यानांमध्ये आणि लोकप्रिय लेखांमध्ये पुढे राहिली ती ही तोफच. आम्हीही त्यात होतो. एका व्याख्यानात आम्ही पडद्यावर गॅटलिंग तोफेचे चित्र दाखवून नेमॅटोडिनियमला ‘समुद्रातली मशीनगन’ म्हटले, टाळ्याही मिळाल्या. त्याच व्याख्यानात पुटिका सुटण्याचा वेग सांगताना आम्ही ७०० नॅनोसेकंद हा आकडा दिला. तो आकडा खरा आहे, पण तो २००६ साली जर्मनीत हायड्रावर घेतलेल्या मोजमापाचा आहे. ज्या निबंधाने दोघांचे नाते नाही असे दाखवले त्याच निबंधाविषयी बोलताना आम्ही एकाचा आकडा दुसऱ्याला चिकटवला! चूक कोणी दाखवली नाही. घरी येऊन टिपणे चाळताना ती आम्हालाच दिसली, आणि तोवर श्रोते आपापल्या शाळांत पोचले होते.

तोफेच्या उपमेविषयी आमचा आक्षेप सौंदर्याचा नाही, माहितीचा आहे. गॅटलिंग तोफेच्या नळ्या फिरतात आणि आळीपाळीने गोळी झाडतात. लेखकांची तुलना मांडणीशी होती. ‘मशीनगन’ म्हटल्याबरोबर ऐकणाऱ्याच्या मनात गोळ्यांचा वर्षाव, शत्रू आणि युद्ध हे सगळे येते. नेमॅटोडिनियम ती प्रक्षेपके नेमकी कोणावर आणि कशा प्रसंगी वापरतो हा प्रश्नच उरत नाही. वास्तविक नेमॅटोडिनियम आणि त्याचे सोयरे विरळ सापडतात आणि प्रयोगशाळेत वाढवता आलेले नाहीत. समुद्राच्या नमुन्यातून एकेक पेशी पिपेटने उचलून अभ्यास करावा लागतो. अशा जिवाची रचना उत्तम कळू शकते. त्याच्या जगण्याचे मोजमाप करणे फार कठीण. (याच जीवांमध्ये भिंग आणि पडदा असलेला डोळ्यासारखा अवयव असतो, तेही एकाच पेशीत. त्याविषयी पुन्हा केव्हातरी.)

त्या निबंधाच्या शीर्षकातल्या ‘शस्त्रस्पर्धा’ या शब्दाबाबतही आम्हाला थोडे म्हणायचे आहे. शस्त्रस्पर्धा म्हणायला दोन बाजू लागतात: एकाने शस्त्र सुधारले म्हणून दुसऱ्याने चिलखत जाड केले, त्यामुळे पुन्हा पहिल्याने शस्त्र बदलले. निबंधात अभ्यास आहे तो मुख्यतः एका बाजूचा. आतला मजकूर संयत आहे. पुटिकेला बळ कशातून मिळते हे सांगताना लेखक शक्यतेच्याच भाषेत बोलतात. शीर्षक तेवढे संयत नाही. संशोधन करणारे आम्ही लोकही शीर्षक देताना वाचकाकडे डोळा ठेवतोच, तेव्हा हा दोष एकट्या त्यांचा म्हणता येत नाही. पण शिक्षकाच्या हाती बहुधा शीर्षकच पोचते, आणि ‘संरक्षण’ या एका शब्दाची जागा ‘युद्ध’ हा आणखी मोठा शब्द घेतो.

युद्धाच्या भाषेतून पार निसटणारी दोन उदाहरणे देतो.

क्रिप्टोफाइट हे समुद्रात आणि गोड्या पाण्यातही मुबलक असणारे, दोन कशाभांचे छोटे शैवाल. यांच्या पुटिकांना इजेक्टोसोम म्हणतात. शिवणकामाची टेप घट्ट गुंडाळून ठेवावी तशी त्यांत प्रथिनाची पट्टी असते. ती सुटली की पेशी झटक्याने उडी मारल्यासारखी दूर जाते. कोणाला काही टोचत नाही. हे पळ काढणे आहे. पळ काढणे हेही एक संरक्षणच, असे कोणी म्हणेल. म्हणावे, पण मग ‘संरक्षण’ या शब्दात भाला, ढाल आणि पळणारे पाय हे तिन्ही येतात आणि शब्दाने काहीच सांगितलेले राहत नाही. शिवाय या पट्टीचा उगम पाहा. पॅरामेशियमच्या काही वाणांत कॅप्पा नावाचे जिवाणू राहतात. १९३८ साली सॉनबॉर्न यांनी शोधलेल्या ‘मारेकरी’ पॅरामेशियमच्या मारकपणाचे कारण तेच. या जिवाणूंमध्ये तशीच गुंडाळलेली प्रथिनपट्टी असते. २०१२ साली जपानी संशोधकांनी दाखवले की क्रिप्टोफाइटच्या पट्टीतली प्रथिने आणि या जिवाणूंच्या पट्टीतली प्रथिने एकमेकांची नातलग आहेत. जिवाणूत त्या पट्टीचा संबंध दुसऱ्या पॅरामेशियमला मारण्याशी आहे, शैवालात उडी मारण्याशी. यंत्र एकाच घराण्यातले, कामे दोन. आकृतीतला बाण यंत्राकडे जातो आणि आपण त्यासमोर काम लिहून टाकतो.

दुसरे उदाहरण आपल्याच किनाऱ्याचे. मलबारच्या समुद्राला हिरवा रंग देणाऱ्या आणि त्याच सुमारास मासे व इतर जीव मरण्याला कारण ठरणाऱ्या एका एकपेशीयाचे वर्णन आर. सुब्रह्मण्यन यांनी १९५४ साली केले. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेल यांच्यावरून त्यांनी त्याला हॉर्नेलिया मरीना हे नाव दिले. १९८२ साली जपानी शास्त्रज्ञ हारा आणि चिहारा यांनी तो शातोनेला या वंशात हलवला. (शातोनेला हे नाव वर आलेल्या शातोन यांच्यावरूनच आले आहे.) या जीवाच्या पेशीतूनही श्लेष्म फेकणाऱ्या पुटिका सुटतात. याच वंशाच्या दुसऱ्या जातीने १९७२ साली जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रात पाळलेले सुमारे १ कोटी ४० लाख मासे मारले. तेव्हा सहज सुचणारे स्पष्टीकरण हे की, पुटिकांचा चिकट माल कल्ल्यांत अडकून मासे गुदमरतात. पण पुढच्या संशोधनात या पेशी सोडत असलेल्या ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांकडेही बोट दाखवले गेले आहे. कल्ल्यांची हानी नेमकी कशी होते याविषयी एकाहून अधिक स्पष्टीकरणे आहेत. आणि मुख्य मुद्दा वेगळाच. मासा मेला हे खरे, पण तो मासा काही त्या पेशीचा नेहमीचा भक्षक नव्हता. मग माशाचे मरण हे पुटिकेचे ‘कार्य’ की नुसता परिणाम? मलबारच्या कोळ्याला त्याने फरक पडत नाही. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडायला हवा.

मराठीत ‘साठी’ हे शब्दयोगी अव्यय फार सोयीचे आहे. डोळे पाहण्यासाठी, पाय चालण्यासाठी. त्यात हेतू, उपयोग आणि उत्क्रांतीतले कारण हे तिन्ही अर्थ एकदम मावतात आणि बोलणाऱ्याला त्यांतला कोणता अभिप्रेत आहे हे सांगावे लागत नाही. आम्ही हे एका पाठ्यपुस्तकाच्या कामात असलेल्या स्नेह्यांपाशी बोललो. ते म्हणाले, "तुमचं पटतं हो, पण चौकटीत तीन शब्द मावतात. आणि परीक्षेत ‘ट्रायकोसिस्टचे कार्य लिहा’ याला मुलानं काय लिहायचं? काही भक्षकांपासून, काही वेळा?" आम्ही म्हटले, अगदी तेच लिहावे. ते हसले. त्यांची अडचण खोटी नाही. एका गुणाच्या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर हवे असते आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याच्या हातातल्या नमुन्यात तोच शब्द असतो. दुसरे काही लिहिणाऱ्या मुलाचा गुण जाईल. तेव्हा प्रश्नच बदलावा लागेल. ‘ट्रायकोसिस्ट संरक्षण करतात हे कसे तपासाल?’ असा प्रश्न दोन गुणांना विचारता येतो. त्याच्या उत्तरात पुटिका नसलेल्या पॅरामेशियमचा उल्लेख आला की गुण द्यावेत.

तोवर वर्गात शाईचा प्रयोग जरूर करावा. तो देखणा आहे. फक्त शेजारी दुसरी काचपट्टी ठेवून तिच्यावर शाईऐवजी त्याच डबक्याचे गाळलेले पाणी तसेच आत ओढावे, म्हणजे नुसत्या प्रवाहाच्या धक्क्याने पुटिका सुटतात का हे दिसेल. शाई अगदी पातळ करून तिसरी पट्टी लावावी, आणि तंतू सोडलेले पॅरामेशियम दहा मिनिटांनी पोहतात की नाही हे मुलांना मोजायला सांगावे. डबक्यात डायलेप्टस मिळेलच असे नाही. कुजलेल्या पानांच्या तळातल्या गाळात तो शोधावा. लांब सोंड हलवत सरपटत जाणारा जीव दिसला तर त्या थेंबात पॅरामेशियम सोडून मुलांना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसवावे.